महिन्याच्या पहिल्या आठवड्यातलं राजकारण

नाशिकच्या सिडकोतून एका भगिनीचं मोठं पत्र आलं आहे. ओळख पटू नये इतपत तपशील बदलून त्याचा गोषवारा देत आहोत.

सासऱ्यांच्या नावावरच्या रो-हाऊसमध्ये नऊ माणसं राहतात: सासू-सासरे, पत्रलेखिका, त्यांचे यजमान, १४ आणि ९ वर्षांची दोन मुलं, धाकटे दीर, जाऊ आणि त्यांची ४ वर्षांची मुलगी. यजमान अंबडच्या कारखान्यात आहेत, हातात ४१,००० येतात. पत्रलेखिकेला घरच्या शिकवण्यांतून ७,००० मिळतात. दिरांचं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. कमाई कधी २० हजार, कधी ४०. ते एका पक्षाचे वॉर्डातले कार्यकर्ते आहेत आणि यजमान त्याच पक्षाचे कट्टर विरोधक. घरखर्चाला यजमान दरमहा २०,००० देतात. दीर ६ ते १० हजार, तेही मागितल्यावर. सिलिंडर, कांदा, जाऊबाईंना मिळणारे 'लाडकी बहीण'चे पैसे, घरी येणाऱ्या कार्यकर्त्यांचा चहा, कशावरूनही भावाभावांत पक्षावरून जुंपते. गेल्या वेळी यजमान ताटावरून उठले. मोठा मुलगा आता काकांशी बोलत नाही. प्रश्न असा: "या दोघांचं राजकारण घरातून कायमचं बंद कसं करू? नाहीतर सरळ वेगळी चूल मांडू का?"

ताई,

तुम्ही चारही भांडणांच्या तारखा लिहिल्यात, हे फार बरं केलंत. सिलिंडरवरून झालं ते ३ तारखेला, कांद्यावरून ५ तारखेला, जाऊबाईंच्या पंधराशे रुपयांवरून ८ तारखेला आणि चहावरून २ तारखेला. महिने वेगळे, विषय वेगळे. पण चारही वेळा पगार नुकताच झाला होता आणि घरखर्चाचे पैसे मागायचे दिवस होते. २० किंवा २५ तारखेलाही टीव्हीवर तेच नेते तेच बोलत असतात. तेव्हा तुमच्याकडे कुणी ताटावरून उठत नाही.

त्यामुळे राजकारण थांबलं की घर शांत होईल, हे तुम्ही धरून चाललात ते मला पटत नाही. सख्ख्या भावाला 'तू पैसे कमी देतोस' असं तोंडावर म्हणणं जड जातं, 'तुमच्या सरकारने गॅस महाग केला' हे म्हणणं सोपं जातं. धाकट्यालाही 'या महिन्यात धंदा झाला नाही' हे कबूल करण्यापेक्षा पक्षाची बाजू लढवणं सोपं वाटतं. दोघांनाही खरा विषय टाळायला पक्ष उपयोगी पडतो आहे.

गॅसचाच हिशोब मांडून बघा. ८ एप्रिल २०२५ ला घरगुती सिलिंडर ५० रुपयांनी वाढला. तुमच्याकडे १४.२ किलोचा सिलिंडर २६ दिवस जातो, म्हणजे वर्षाला १४ लागतात. वाढ झाली वर्षाची ७०० रुपये, महिन्याची साठच्याही आत. त्याच घरात कार्यकर्त्यांच्या चहाला रोज लिटरभर जास्तीचं दूध येतं, असं तुम्ही लिहिता. ६० रुपये लिटरने ते महिन्याचे १,८०० होतात. साखर, चहापत्ती आणि गॅस वेगळा. दरवाढ क्षुल्लक आहे असं मी म्हणत नाही. दहा हजारांत घर चालवणाऱ्या बाईला पन्नास रुपयेही मोजून द्यावे लागतात. पण तुमच्या घरातली ओढाताण त्या पन्नास रुपयांची नाही.

कांद्याचं मात्र वेगळं आहे आणि तिथे तुम्ही यजमानांच्या बाजूला थोडं जास्त झुकलात असं मला वाटतं. तुमचे चुलत सासरे निफाडला कांदा पिकवतात. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी झाली, ती २०२४ च्या मे महिन्यात उठली, पण ४० टक्के शुल्क आणि किमान निर्यात किंमत मागे ठेवून. पुढे २० टक्क्यांवर आलेलं शुल्क १ एप्रिल २०२५ ला गेलं. या काळात लासलगाव-पिंपळगावच्या बाजारात भाव पडला की तुमच्या स्वयंपाकघराचे पैसे वाचत होते आणि निफाडच्या घराचा वर्षाचा हिशोब कोलमडत होता. नाशिक जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत अर्धी माणसं कांदा विकत घेणारी असतात आणि अर्धी विकणारी. अशा घरात कांद्यावरून मतभेद होणारच, आणि तो होऊ द्यावा. सासरे त्या दिवशी चिडले ते भावाच्या घरासाठी चिडले असतील. पक्षाशी त्याचा संबंध असेलच असं नाही.

आता तुमच्या स्वतःच्या ७,००० रुपयांबद्दल. ते कुठे जातात हे पत्रात एकाच ओळीत येतं, 'भाजी, दूध कमी पडलं तर, मुलांचं काहीबाही'. म्हणजे यजमान देतात २०,००० आणि प्रत्यक्षात तुमच्या बाजूने जातात २५-२६ हजार. हे घरात कुणालाच माहीत नाही, यजमानांनाही नसावं. दुसऱ्या बाजूलाही असंच काही असू शकतं. सासूबाईंना दवाखान्यात नेताना रिक्षाचे आणि औषधांचे पैसे कोण देतं? बोअरची मोटर जळली तेव्हा कुणी भरले? दीर कमी देतात हे खरंच असेल, पण किती कमी, हे आज तुमच्यापैकी कुणीही सांगू शकणार नाही.

म्हणून आधी वही. साधी दोनशे पानी, स्वयंपाकघरात टांगलेली, सोबत दोरीने बांधलेलं पेन. चार रकाने: तारीख, काय आणलं, किती रुपये, कुणाच्या खिशातून. चौथा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा आणि तोच बहुतेक घरांत राहून जातो. मग दोन महिन्यांनी कळतं की किराणा ११ हजारांचा झाला. तो कुणी भरला हे पुन्हा आठवणीवर, म्हणजे पुन्हा भांडणावर. फोनवरून दिलेले पैसे नंतर सापडतात, पण भाजी, पिठाची गिरणी, दूधवाला, औषधं हे रोखीचे खर्च त्याच दिवशी लिहिले नाहीत तर निसटतात. किराण्याची बिलं वहीच्या मागे टाचून ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, शाम्पू, केसांचं तेल यांच्यावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला; 'सगळं स्वस्त झालं' आणि 'काहीच स्वस्त झालं नाही' असं दोघे म्हणतील तेव्हा आपल्याच दुकानाची आधीची आणि नंतरची बिलं समोर ठेवता येतील.

वही एका महिन्याची पुरत नाही, दोन महिने ठेवा. सिलिंडर, तेलाचा डबा, वीजबिल हे महिन्याच्या चौकटीत बसत नाहीत. आणि ती एकट्या तुम्ही लिहू नका. सकाळचं तुम्ही आणि संध्याकाळचं जाऊबाई. तुमच्याच हातची वही उघडली की दिरांना ती आरोपपत्रासारखी वाटेल, बायकोच्या अक्षरातले आकडे खोटे म्हणता येणार नाहीत.

वर्षातून एकदा होणारे खर्च शेवटच्या पानावर लिहा: महापालिकेची घरपट्टी (एप्रिलमध्ये भरली की सवलत मिळते, ती सोडू नका), दिवाळी, साठवणीचा गहू, डाळी, मसाला. यांची बेरीज करून १२ ने भागा आणि तेवढी रक्कम दरमहा बाजूला ठेवा. तुमच्याकडे एप्रिलमध्ये यजमान तीन क्विंटल गहू एकरकमी भरतात आणि मे महिन्यात दिरांनी मागितल्यावर 'मीच सगळं भरतो' असं म्हणतात. बारा भाग केले असते तर तो वाद झालाच नसता.

निफाडहून येणाऱ्या कांद्याचेही पैसे द्या, त्या दिवशीच्या बाजारभावाने. 'घरचाच आहे' म्हणून फुकट घेतलेल्या कांद्याने तुमच्या सासऱ्यांचं तोंड बंद राहतं आणि मग ते भलत्या वेळी उघडतं. शिवाय फुकटचा म्हणून घेतलेला क्विंटलभर कांदा तुम्हाला जास्त होतो. महिन्याला १२ किलो लागत असेल तर उन्हाळ कांदा ६० किलो पुरे. पाच महिन्यांपलीकडे घरात वजन घटतं, कोंब फुटतात. प्लास्टिकच्या गोणीत ठेवू नका, घाम सुटून सडतो. ज्यूटची गोणी किंवा जाळीचे क्रेट, जमिनीपासून वर, हवेशीर जागी. दर पंधरवड्याला निवडून नरम कांदे आधी वापरा.

दोन महिन्यांनी वाटणी. निम्मं-निम्मं हे न्याय्य वाटतं, पण तुमच्या बाजूला चार माणसं आहेत आणि त्यांच्या बाजूला तीन. नुसतं कमाईच्या प्रमाणात करावं तर यजमान म्हणतील, मी जास्त कमावतो हा माझा दोष आहे का? मला तुमच्या घरासाठी दोन्हींची सांगड योग्य वाटते. तुमच्या अंदाजाप्रमाणे खाण्यापिण्याचा खर्च, म्हणजे किराणा, दूध, भाजी, गॅस, २४,००० धरू. मोठ्या माणसाचा एक हिस्सा, बारा वर्षांवरच्या मुलाचाही एक, लहान मुलाचा अर्धा. तुमचे झाले साडेतीन, दिरांचे अडीच, सासू-सासऱ्यांचे दोन, एकूण आठ. एक हिस्सा ३,००० चा. तुमचे १०,५०० आणि दिरांचे ७,५००.

उरले सासू-सासऱ्यांचे ६,००० आणि वीज, पाणी, इंटरनेट, औषधं, घरपट्टीचा मासिक भाग, दुरुस्ती असे सगळ्यांचे ७,०००. हे १३,००० कमाईच्या प्रमाणात. तुम्हा दोघांचे मिळून ४८,००० आणि दिरांचे सरासरी ३०,००० म्हणजे ८ ला ५. तुमच्याकडून ८,००० आणि त्यांच्याकडून ५,०००. एकूण तुमचे १८,५०० आणि त्यांचे १२,५००. तुमच्या १८,५०० मध्ये शिकवणीचे पैसेही उघडपणे मोजा; ते यजमानांच्या रकमेत गुपचूप मिसळले की पुन्हा कुणालाच दिसणार नाहीत. दीर १२,५०० ऐकून दचकतील. तेव्हा यजमानांनी ही पद्धत सुचवू नये आणि तुम्हीही नाही, सासऱ्यांनी मांडावी. घर त्यांचं आहे, दोघंही त्यांचीच मुलं. सासऱ्यांना ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेची, २,९०० पेन्शन मिळते, ती या हिशोबात मागू नका. ती त्यांच्या हातात राहिली तर ते दोन्ही मुलांशी मोकळेपणाने बोलू शकतील.

दुकानदाराकडे १ तारखेला एकरकमी पैसे नसतात, हे यजमानांनी समजून घ्यायला हवं. पगारदार माणसाला 'नंतर देतो' हे टाळाटाळ वाटते. दिरांचे १२,५०० चार हप्त्यांत घ्या, दर सोमवारी ३,१२५. गल्ल्यातून आठवड्याला काढणं त्यांना जमेल, आणि तुम्हाला मागायला जावं लागणार नाही. दोन आठवडे लागोपाठ चुकले तर तिसऱ्या आठवड्यात सासऱ्यांनी विचारायचं, दुसऱ्या कुणी नाही.

चहाचा विषय यातून वेगळा काढा. कार्यकर्ते घरी येण्याला ना नाही, पण त्यांचं दूध-साखर हा दिरांचा कामाचा खर्च आहे. लिटरभर दूध त्यांनी वेगळं लावावं, पैसे दूधवाल्याला परस्पर द्यावेत, आणि चहा कोण करणार हेही आधीच ठरवावं. निवडणुकीच्या दिवसांत ते लिटर तीन लिटरांवर जातं आणि रात्री अकराला भांडी घासायला तुम्ही दोघी असता. त्या दिवसांपुरता कोपऱ्यावरच्या टपरीवर हिशोब उघडा म्हणावं.

जाऊबाईंचे १,५०० रुपये घरखर्चात ओढू नका. ते त्यांच्या खात्यात, त्यांच्या नावाने येतात. योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुलं, आणि उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. यजमानांचा पगार तिथे मोजला जात नाही, तेव्हा 'माझ्यामुळे अडचण येईल' ही त्यांची भीती काढून टाका. दिरांचं उत्पन्न मात्र मोजलं जातं. महिन्याला ३० हजार म्हणजे वर्षाचे ३ लाख साठ हजार. दुकानाचा खर्च वजा जाऊन खरं उत्पन्न किती उरतं, हे त्या दोघांनी प्रामाणिकपणे तपासावं आणि अटीत बसत नसेल तर लाभ सोडावा. तो निर्णय त्या नवरा-बायकोचा. घरच्या बैठकीत तो उकरून काढलात तर जाऊबाई वहीपासूनही दूर जातील, आणि या सगळ्यात तुम्हाला सर्वांत जास्त गरज त्यांचीच आहे.

वीजबिलाचं थोडक्यात. महावितरणचे घरगुती टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० असे चढत जातात. तुमची ३४० युनिट एकाच मीटरवर पडतात म्हणून वरची ४० महागड्या टप्प्यात जातात. वरच्या मजल्यावर दिरांनी एसी बसवलाय. तिथे साधा सब-मीटर लावून घ्या आणि पूर्ण बिल दोन वाचनांच्या प्रमाणात वाटा. इथे नेहमी चूक होते ती अशी की वरच्या मजल्याचे युनिट पहिल्या, स्वस्त टप्प्याच्या दराने मोजले जातात आणि महाग टप्पा दुसऱ्याच्या माथी बसतो.

हिशोबाला महिन्यातला एक दिवस ठरवा. पहिला आठवडा टाळा. तुमच्याकडे दर महिन्याचा दुसरा रविवार चालेल, सकाळी, चहा झाल्यावर, मुलं खाली खेळत असताना. अर्धा तास, सहाही मोठी माणसं, समोर वही. त्या अर्ध्या तासात सरकार, पक्ष, नेता यांचं नाव कुणी काढायचं नाही. आणि उलट नियमही तितकाच पाळा: राजकारणाची चर्चा चालू असताना कुणी कुणाचे पैसे काढायचे नाहीत. 'तुमच्या पक्षामुळे महागाई' इथपर्यंत ठीक. 'आणि तू तर सहा हजारच देतोस' हे आलं की सासऱ्यांनी 'रविवारी' एवढा एकच शब्द म्हणायचा.

याच्यापलीकडे जो मतभेद उरेल तो राहू द्या. शिवसेना २०२२ मध्ये फुटली, राष्ट्रवादी २०२३ मध्ये; त्यानंतर वर्षानुवर्षं एकाच झेंड्याखाली वावरलेली माणसंही एका घरात दोन बाजूंना गेली. दोन सज्ञान भावांची मतं वेगळी असणं हा बिघाड नाही, दुरुस्त करायला जाऊ नका. तुम्ही पंचही होऊ नका. सध्या दोघेही आपलं म्हणणं तुमच्याकडे बघून सांगतात, दीर तर 'वहिनी, तुम्हीच सांगा' म्हणतात. त्यावर एवढंच म्हणा, "भाऊजी, माझं मत मी मतपेटीत देते." दीर बाहेर 'आमच्या घरची सहा मतं' असा शब्द देतात, तेही यातच आलं. मतदान गुप्त असतं, तुमच्या मताचा शब्द दुसऱ्या कुणाला देता येत नाही. हे शांतपणे, एकदाच, सासूबाईंसमोर सांगा. त्यांनाही ते ऐकायला आवडेल, असं तुमच्या पत्रावरून वाटतं.

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दवाखाना, शाळा, पाहुणे आणि वहीच्या पानाचा फोटो, एवढंच राहू दे. राजकीय मजकूर पुढे पाठवणाऱ्याला जाहीर उत्तर देऊ नका. उत्तर दिलं की निफाडपासून पुण्यापर्यंतचे सगळे नातेवाईक त्यात उतरतात. दरवाजावर पक्षाचा फलक लावायचा की नाही, हा निर्णय सासऱ्यांचा.

मोठ्या मुलाचं मात्र पुढे ढकलू नका. तो काकांशी बोलत नाही कारण ताटावरून उठलेले वडील त्याने पाहिले. यजमानांनी त्याला स्वतः सांगावं की माझं आणि काकाचं मत जुळत नाही, पण तुझं आणि काकाचं नातं त्याच्याशी बांधलेलं नाही. हे आईने सांगून चालणार नाही. मग एखाद्या शनिवारी त्याला दुकानात बसायला पाठवा. चौदा वर्षांच्या मुलाला बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर कसं भरतात, ॲसिड कसं हाताळतात हे काकांकडून बघायला मिळालं तर बोलणं आपोआप सुरू होईल.

वेगळ्या चुलीबद्दल. तो पर्याय वाईट नाही आणि घर मोडल्याची खूणही नाही. वर-खाली राहून सणाला एकत्र जेवणारी कितीतरी घरं चांगली चालतात. पण नवीन गॅस जोडणीला सिलिंडरची अनामत २,२०० आणि रेग्युलेटरचे २५०, शिवाय शेगडी, फ्रिज, मिक्सर, भांडी. वरच्या मजल्याला स्वतंत्र दार आणि ओटा असेल तर वेगळ्या वीजमीटरसाठी अर्जही करता येतो. दोन मीटर झाले की दोन्हीकडे वापर ३०० च्या आत राहील, पण स्थिर आकार दोनदा भरावा लागेल. दोन कुकर, दोन वेळा कणीक, दोन्हीकडे उरलेलं दूध यामुळे खाण्याचा एकूण खर्च वाढतो. आणि सासू-सासरे कुणाकडे जेवणार, हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. याचं उत्तर तयार नसताना चूल वेगळी केलीत तर भांडण त्यांच्या ताटापर्यंत पोहोचेल. वही, वाटणी आणि दुसरा रविवार हे चार महिने चालवून पाहा. तरीही सोमवारचे पैसे येत नसतील, तर वहीतले आकडे समोर ठेवून, भांडण नसलेल्या दिवशी, वेगळी चूल मांडा.

सुरुवात कुठून करायची? यजमानांना आज काही सांगू नका. उद्या सकाळी भाजी निवडताना जाऊबाईंना म्हणा, "दोन महिने आपण दोघी खर्च लिहून बघू या, कोण किती देतं ते नको, नुसतं कुठे जातं ते." त्या कदाचित म्हणतील, ह्यांना विचारून सांगते. विचारू द्या; तोवर तुमच्या रकान्यात तुमचे सात हजार लिहायला लागा.